तेलताडाच्या चार गाठी

"नमुने गोळा करताना सरमिसळ झाल्याची शक्यता नाकारता येत नाही." हे वाक्य माझं आहे. मी ते टाइप केलं, त्याखाली सही केली, आणि डबा उघडून जेवायला बसले. त्या दिवशी डब्यात वालाची उसळ होती आणि मी ती चवीने खाल्ली. आज ते वाक्य आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. राग इतरांवरही आहे, तो पुढे येईलच. पण सुरुवात स्वतःपासून केलेली बरी.

खालापुरात एका टायरच्या दुकानावर आमची लॅब आहे. माती तपासतो, पाणी तपासतो, आणि गेली काही वर्षं झाडांचा डीएनएही तपासतो. मी रोज कर्जतहून स्कूटरने येते. तेव्हा लॅबमध्ये आम्ही तीनच माणसं होतो. एक लॅबचे मालक, त्यांना सगळे साहेब म्हणतात. दुसरी मी, यंत्रांवर काम करणारी. आणि तिसरी मावशी. मावशी जवळच्याच गावची, पन्नाशी ओलांडलेली. सकाळी येऊन काचेची भांडी धुवायची, लादी पुसायची, आणि कुठल्या शेतावरून माती किंवा पानं आणायची असली की तीच आणायची. इंग्रजी तिला येत नाही. मराठी ती अक्षरावर बोट ठेवून वाचते. सही मात्र ठसठशीत करते, आणि ती कुठे करायची नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

त्या वर्षी कर्जतच्या बाजूचे काही शेतकरी एकत्र येऊन आमच्याकडे आले. पिढ्यान्पिढ्या भात लावणारी माणसं. आता त्यांच्या डोक्यात तेलताड शिरला होता. ज्याच्या फळातून पामतेल निघतं ते हे झाड. त्याला बारमाही पाणी लागतं आणि आमच्याकडे दिवाळीनंतर जूनपर्यंत थेंब पडत नाही, तेव्हा हे खूळ त्यांच्या डोक्यात कोणी भरवलं हा वेगळा विषय आहे. पण माणसं सावध होती. चौक गावाच्या बाजूला एका नर्सरीत तेलताडाची चार वाणं विकायला होती. चार नावं, चार पाट्या. त्यातलं एक जुनं, आणि एक "नवीन सुधारित", अर्थातच सगळ्यात महाग. ही चार वाणं खरोखरच वेगळी आहेत का, एवढंच त्यांना लागवडीआधी जाणून घ्यायचं होतं. हे झाड तीन-चार वर्षांनी फळ धरतं आणि मग पंचवीस वर्षं हलत नाही. फळ बघून फसगत कळली तर उपयोग काय? इतका नेमका प्रश्न घेऊन आमच्याकडे फार कमी लोक येतात. मी खूश झाले होते.

रोपाकडे नुसतं बघून वाण ओळखता येत नाही. पण पानातल्या डीएनएवर काही ठरावीक जागा असतात, त्यांना मार्कर म्हणतात. पान कुटायचं, त्यातून डीएनए वेगळा काढायचा, यंत्रात तेवढ्याच जागांच्या भरपूर प्रती करायच्या आणि त्या जेलवर चालवायच्या. जेल म्हणजे खळीसारखी पातळ, पारदर्शक वडी, तिच्यात वीज सोडली की मग पट्ट्या दिसतात. एका वाणाची रोपं अगदी हुबेहूब नसतात, सख्ख्या भावंडांसारखी असतात. पण दोन वाणं वेगळ्या घराण्यातली असली, तर काही पट्ट्या एकीकडे दिसतात आणि दुसरीकडे औषधालाही सापडत नाहीत. एवढंच आमचं शास्त्र.

मावशीला घेऊन मी नर्सरीत गेले. फाटकापासून ओळीने चार वाफे होते. प्रत्येक वाफ्यात काळ्या पिशव्यांमधली, गुडघ्याच्या वर आलेली रोपं आणि डोक्याशी कंपनीची इंग्रजी पाटी. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, प्रत्येकातल्या दहा रोपांचं एकेक पान, असं मी तिला सांगितलं. तेवढ्यात सुपरवायझरने ऑफिसात चहाला बोलावलं. मी गेले. पानं तोडली जात असताना मी तिथे नव्हते. मी पंख्याखाली बसून चहा पीत होते आणि चहा चांगला आहे असं म्हणत होते.

मावशीने पानांच्या चार जुड्या आणल्या. मी तिला रबरबँडचं पाकीट दिलं होतं, ते तिने तसंच परत केलं. जुड्या तिने पामच्याच पानाच्या पट्टीने बांधल्या होत्या. पहिल्या पट्टीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन, चौथीला चार.

"रबराला काय म्हाईत पान कुठलं हाय ते," ती म्हणाली.

तिच्या घरी भाताची दोन-तीन वाणं लावतात. लावणीला रोपांच्या मुठी बांधायच्या त्या त्याच वाणाच्या काडीने, म्हणजे बांधावर मुठी एकत्र पडल्या तरी घोटाळा होत नाही, असं ती सांगत होती. मी हसून ऐकलं, म्हणजे ऐकलंच नाही. जुड्या सोडल्या, पानांवर नंबर टाकले, आणि पट्ट्या कचऱ्याच्या डब्याकडे सरकवल्या. तिने त्या उचलल्या आणि बेसिनजवळच्या खिळ्याला अडकवल्या. भात निसवून लोंबी दिसेपर्यंत बंद टाकायचा नसतो, निकाल लागला की टाकीन, म्हणाली. मी म्हटलं, ठेव बाई.

निकाल लागला. पहिलं आणि तिसरं वाण स्पष्ट वेगळं दिसत होतं. दुसरं आणि चौथं मात्र एकच घराणं होतं. एकही मार्कर त्यांना वेगळं काढू शकला नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून मी उरलेल्या पानांतून सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. पुन्हा तेच. जे जुनं वाण दुसऱ्या वाफ्यात उभं होतं, तेच चौथ्या वाफ्यात "नवीन सुधारित" या पाटीखाली उभं होतं.

साहेबांना सांगितलं. आता कुठलाही शहाणा माणूस काय करील? ज्या शेतकऱ्यांनी विचारलं त्यांना कळवील. साहेबांनी फोन केला नर्सरीच्या शेठना. दोघांची जुनी ओळख. शेठ तासाभरात हजर झाले, माझ्या खुर्चीत बसले, आणि जेलचा फोटो उलटा धरून दोन मिनिटांत निदान करून मोकळे झाले. पानं तोडायला गेलेली बाई अडाणी, पाट्या तिला वाचता येत नाहीत, तिने एकाच वाफ्यातली पानं दोनदा तोडली असणार. मी आठवडाभर डोळे फोडून केलेलं काम आणि मावशीचं सकाळभराचं काम, दोन्ही एका वाक्यात निकालात निघालं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तुझ्यासमोर तोडली ना पानं, असं त्यांनी विचारलं असतं तर मला चहाचं सांगावं लागलं असतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. खरं तर क्षणभर मला बरंच वाटलं. माझी यंत्रं बरोबर, माझे हात बरोबर, मग चूक असलीच तर तिची. तिच्यावर खापर फोडणं किती सोयीचं होतं.

साहेबांनी मावशीच्या नावाने मराठीत एक कागद तयार केला. माझ्याकडून नजरचुकीने एकाच वाफ्यातली पानं दोन वेळा तोडली गेली, असा मजकूर होता. तिला बोलावून तो पुढे ठेवला. तिने एकेका अक्षरावर बोट ठेवत तो शेवटपर्यंत वाचला. साहेब, शेठ आणि मी, तिघं ताटकळत उभे होतो.

"मी चारी वाफ्यांत गेले व्हते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गाठी बग गं बाय. गाठी हायत ना."

मला वाटलं, बिचारी काहीतरी बोलतेय. खिळा माझ्यापासून चार पावलांवर होता. मी मान वळवली नाही.

तिने पेन टेबलावर ठेवलं आणि सही केली नाही. मग साहेबांनी अहवालात घालायचं एक वाक्य मला सांगितलं, ते मी जरा बऱ्या भाषेत लिहिलं आणि त्याखाली सही केली. उद्यापासून येऊ नको असं तिला साहेबांनीच सांगितलं. बेसिनमध्ये राहिलेली भांडी धुऊन, पालथी घालून ती गेली. तिच्या गावात दुसऱ्या दिवसापर्यंत पोचलं होतं की हिने लॅबमध्ये काहीतरी घोळ घातला म्हणून काढलं. ज्या बाईच्या हाती अख्खा गाव भाताचं बी निवडायला देतो, तिच्याबद्दल हे.

अहवाल गेला. दुसऱ्या आणि चौथ्या वाणाची तुलना होऊ शकली नाही, असं त्यात होतं. शेतकऱ्यांनी आमच्यावर विश्वास ठेवला आणि पाऊस लागल्यावर लावायला "नवीन सुधारित" रोपं सांगून ठेवली.

भांडी आता मीच धुवायला लागले. साधारण महिनाभराने, मे महिना उजाडला असेल, बेसिनशी उभी असताना एक वाळकी पट्टी माझ्या मनगटाला लागली. चारही पट्ट्या खिळ्यावर तशाच होत्या. मी हात पुसले आणि त्या उजेडात धरल्या. चारही पट्ट्यांची एक कड गुळगुळीत होती, पानाची मूळची. दुसरी कड मधल्या शिरेलगत फाडलेली, वेडीवाकडी. म्हणजे प्रत्येक पट्टी अर्ध्याच पातीची होती. मग उरलेली अर्धी पात कुठे होती? हा प्रश्न मला महिनाभर पडला नव्हता, आणि माझ्या नावापुढे दोन पदव्या आहेत.

दुपारी मी मावशीच्या गावी गेले. ती शेतात राबाची तयारी करत होती. भाताची रोपं टाकायच्या जागेवर शेण आणि पाला पसरत होती, भाजायला. मी बांधावर उभी राहिले. ती बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही, हातातलं काम थांबवलं नाही. मी म्हटलं, मावशी, माझं चुकलं. पानं तोडताना मी चहा पीत होते आणि तुझ्यावर येतंय ते मी येऊ दिलं. ती पाल्याचा भारा सोडत राहिली. मग मी पट्ट्या दाखवल्या आणि उरलेल्या अर्ध्या पातीचं विचारलं.

"अर्धी झाडालाच ठेवली, तेवढ्याच गाठी मारून," ती म्हणाली. "न्हायतर कुठनं आनलं ते मागनं दावायचं कसं? आमी भाताच्या वाफ्यात बी तसंच करताव, म्याडम. तुमाला मी गाठी बगा म्हनलं व्हतं."

चार वर्षं मी तिची बाय होते आणि ती मला तू म्हणायची. आता मी म्याडम झाले होते. ते मला झोंबलं, आणि झोंबायलाच हवं होतं.

माझ्यासाठी नाही, पण स्वतःच्या नावासाठी ती यायला तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी स्कूटरवरून नर्सरीत गेलो. सुपरवायझरला वाटलं रोपं घ्यायला आलो. मावशी सरळ पहिल्या वाफ्यात गेली, तिसऱ्या ओळीत वाकली आणि एक पात वर केली. अर्धी फाडलेली, शेंड्याला एक गाठ. दुसऱ्या वाफ्यात दोन गाठी. तिसऱ्यात तीन. आणि चौथ्या वाफ्यात, "नवीन सुधारित" या पाटीपासून चार हातांवर, चार गाठी. कडा वाळल्या होत्या, पण पात जागेवर होती. रात्रभर पाण्यात भिजवून मऊ केलेल्या पट्ट्या मी डब्यातून काढल्या आणि एकेक पात उलगडून तिच्या कडेला तिची पट्टी लावून बघितली. जिथे फाडताना हात बाहेर गेला होता, तिथे पट्टीलाही तोच बाक होता. चारही जुळल्या. मी पाटीसकट फोटो काढले. हे बघायला यंत्र लागत नव्हतं. मान वळवायला हवी होती, बस.

सुपरवायझरने फोन केला तसे शेठ गाडी घेऊन धावत आले. परवानगी न घेता आत कसं शिरलात, इथपासून सुरुवात झाली. मग म्हणाले, गाठी काय, कोणीही कधीही मारील.

"गाठ कोन पन मारील, शेठ," मावशी म्हणाली. "फाटलेलं जुळवून दावा."

शेठनी पट्टी हातातही घेतली नाही. ते पाण्याच्या मोटारीबद्दल सुपरवायझरला ओरडायला निघून गेले.

लॅबमध्ये येऊन मी साहेबांपुढे फोटो ठेवले. त्यांनी सगळे नीट बघितले. त्यांना पटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि म्हणूनच पुढचं ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. ते म्हणाले, बाईला परत बोलावून घे, तिचं काम तिला मिळेल, पण गेलेला अहवाल आता कशाला उकरायचा? म्हणजे तिला भांडी परत द्यायची आणि खोटं आपल्याकडे ठेवायचं. मी म्हटलं, साहेब, त्यावर सही माझी आहे. ते म्हणाले, तेच म्हणतोय, तुझीच आहे, विचार कर.

मी विचार केला. संध्याकाळी घरी बसून शेतकऱ्यांना पत्र लिहिलं. सरमिसळ झालेली नाही. पानं योग्य त्या वाफ्यातूनच आणली होती, त्याचे फोटो सोबत आहेत. आमच्या मार्करना दुसऱ्या आणि चौथ्या वाणात कुठलाही फरक दिसत नाही. ही तीन वाक्यं भराभर झाली. चौथ्याला तास लागला. पानं तोडली जात असताना मी स्वतः तिथे हजर नव्हते, आणि तरीही पानं तोडणाऱ्या बाईंवर संशय येईल असं वाक्य मी लिहिलं, ते मी मागे घेते. सही केली आणि दुसऱ्या दिवशी कर्जतला जाऊन पत्र हातात दिलं.

शेतकऱ्यांनी रोपं घेणं थांबवलं. त्यांच्यातले एक आजोबा गाठींच्या पट्ट्यांचा फोटो बराच वेळ बघत होते. मग, बाई भातवाली दिसते, एवढंच म्हणाले. साहेब माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. मला काढलं नाही, कारण एवढ्या पगारात ही यंत्रं चालवायला दुसरं कोणी येणार नव्हतं, त्यात माझ्या शौर्याचा काही भाग नाही. शेतकरी मागे लागले म्हणून अहवाल पुन्हा निघाला. "दोन वाणांत फरक आढळला नाही," असं त्यात आलं. पहिल्या अहवालात जिच्याकडे बोट दाखवलं होतं, तिच्याबद्दल एक अक्षरही नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, एक ओळ तिच्यासाठी घाला. ते म्हणाले, ती काय वाचणार आहे?

ती वाचते. तुम्ही तिच्यासमोर कागद ठेवला तेव्हा तिने तो वाचलेला तुम्ही बघितलाय. हे मी त्यांना तोंडावर म्हणाले, आणि मग मीच तिच्यासाठी माझ्या पत्राची एक प्रत काढली, मोठ्या अक्षरात.

नर्सरीतली पाटी अजून तिथेच आहे. नेरळ-कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांच्या गाड्या तिथे थांबतात आणि "नवीन सुधारित" रोपं डिकीत घालून जातात. कोणी काही विचारत नाही. जाता-येता ती पाटी दिसली की मी स्कूटरवर एकटीच बडबडते.

मावशी कामावर परत आली. पत्राची प्रत तिने घडी घालून पोलक्यात ठेवली. वाचली का ते मी विचारलं नाही. पावसाळ्यानंतर एका नर्सरीतल्या आंब्याच्या कलमांचं काम आलं. या वेळी मी तिच्याबरोबर वाफ्यात उभी राहिले. चहा आला तो गार झाला. लॅबमध्ये आल्यावर तिने पहिली जुडी पुढे केली, पानांना आंब्याच्याच सालीचा बंद, त्याला एक गाठ. मी घ्यायला हात पुढे केला. तिने जुडी सोडली नाही. दुसऱ्या हाताने तिने पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. पहिल्या पानावर तिने स्वतः रेघा मारल्या होत्या.

"म्याडम, आदी गाठी मोजा," ती म्हणाली. "मग सही करा. मग मी सोडते."

मी गाठ मोजली आणि सही केली. तिने माझ्या सहीच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून ती शेवटपर्यंत वाचली. मग जुडी सोडली.